पोरं गरीब दिसली पाहिजेत

प्रिय ताई,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. गेलेल्या माणसाला पत्रं लिहिणारी माणसं मला नाटकी वाटतात, हे तुला ठाऊकच आहे. पण आज अनुदानाच्या तपासणीचे साहेब आपल्या दोघींच्या बालवाडीत येऊन गेले. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

साहेब तेच. तुझ्या शोकसभेत "बाई म्हणजे गोरगरिबांची माउली" म्हणत डोळे पुसणारे. तेव्हा मला उठून विचारावंसं वाटलं होतं, या माउलीच्या पोरांचं दूध कोणी बंद केलं? पण चारचौघांत शोभा नको म्हणून मूग गिळून बसले.

गेल्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आले, तो दिवस आठवतो? आदल्या दिवशी तू सक्करदऱ्याची सगळी वस्ती फिरलीस, पाहुणे येणार म्हणून सांगत. आणि आपल्या बायांनी पोरं पाठवली तरी कशी! शेजारणीचा फ्रॉक मागून आणला, केसांना तेल थापलं. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाया, घरात दाण्याची मारामार, पण बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून पोर घाणेरडं दिसलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्यातल्याच किसनीची मंदा तर धावत जाऊन साहेबांच्या पायांत घुटमळली. तीन वर्षांची होईपर्यंत जी उभी राहत नव्हती, ती मंदा. रोज तेल चोळून, भिंतीला धरून उभी करून, तिच्या आईकडूनही तेच करून घेऊन तू तिला चालती केली होतीस.

साहेबांना काय दिसलं? "हे पोट्टे तर खातेपिते दिसून राहिले. यायले दूध कायले पाहिजे?"

दूध गेलं. बाळं सांभाळणाऱ्या बाईचा पगारही गेला. ताप उतरायला लागला की औषध काढून घ्यायचं, असला हा न्याय.

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, पुढच्या वेळी पोरं जरा मळकट असू दे. तू काय म्हणालीस? "सुमन, पोराले गरीब दिसाले शिकवाचं, तर मंग हे सारं करून कायले राहिलो वं आपण?" बोलायला छान आहे. पण ताई, ताठ मान तुझी आणि उपाशी पोट पोरांचं, हे कुठलं गणित? मला तुझा राग आला होता. अजूनही आहे.

तू गेलीस, आणि किसनीनं पुन्हा अफू आणली. मंदाच्या पाठचा राजू आता वर्षाचा आहे. त्याला अफू चाटवून निजवायची तिची सवय तू किती मागे लागून सोडवली होतीस! मी विचारलं तर म्हणाली, "काय करू वं बाई? तो रडला का हात थांबते. हात थांबला का चूल थांबते." राजू तेंदूच्या पानांच्या ढिगाशेजारी डोळे उघडे ठेवून पडला होता. मी हाक मारली, टाळी वाजवली, पण त्यानं मान वळवली नाही. त्या दिवशी मी ठरवलं, काहीही करून दूध आणि ती बाई परत आणायची.

म्हणून या वेळी मी वस्तीत सांगितलं, उद्या पोरांना आंघोळ नको, फाटकं असेल ते घाला. बाया माझ्याकडे बघतच राहिल्या. पण गरजवंताला अक्कल नसते, त्यांनी ऐकलं. सकाळी पोरं शेंबडी नाकं घेऊन रांगेत बसली, आणि साहेबांचा चेहरा खुलला. "आता कसं! आता खरी वस्ती वाटून राहिली." त्यांनी फोटोवाला आणला होता.

तेवढ्यात किसनी आली. राजूला धुतलेलं झबलं, डोळ्यांत काजळ, डोक्याला टोपडं. साहेब म्हणाले, "याले बाजूले घ्या बाई, फोटोत बरा नाही दिसत." आणि मी त्याला उचलून बाजूला घेतलं. मी, माझ्या हातांनी.

किसनीनं माझ्या कडेवरून पोर काढून घेतलं. "फोटोत चालत नाही, तो दुधाले कसा चालंन?" एवढंच म्हणाली आणि रांगेतल्या मंदाचा हात धरून निघून गेली.

अनुदान मंजूर झालं. चहा पिताना साहेब तुझ्याबद्दल म्हणाले, "पहिल्या बाईले हे समजतच नव्हतं." मी हसले, ताई. "हो साहेब" म्हणाले. त्यांची किळस आली, आणि त्यांच्यासमोर दात काढणाऱ्या माझी त्याहून जास्त.

संध्याकाळी किसनीच्या घरावरून आले. वस्तीतली सगळी बाळं त्या वेळी किरकिरत होती. राजू गाढ झोपला होता.

सोमवारपासून दूध येईल, बाळं सांभाळणारी बाईही येईल. पहिला पेला घेऊन मी किसनीच्या दारात जाईन. तिनं शिव्या दिल्या तर खाईन, हाकललं तर ओट्यावर बसून राहीन. साहेब पुन्हा येतील तेव्हा पोरं न्हाऊनमाखून बसतील, आणि दूध तोडायचं असेल तर त्यांना राजूला मांडीवर घेऊन तोडावं लागेल. तो तोवर हाकेला मान वळवायला लागला असेल, एवढं वचन तुला देते.

तुझ्यावर अजून रागावलेली,
सुमन