मासळीच्या वाट्यातली घरं

प्रिय आई, समुद्रापलीकडून तुझ्या फालेचा नमस्कार.

काळजी मिटली. आपल्या बेटावर येणारी बोट बंद होणार नाही. नव्या नकाशात आपलं बेट ओसाड दाखवलं होतं, त्यावरूनच सगळं घडलं. मी बोटखात्याच्या सभेत आपल्या पूर्वजांचा इतिहास गर्जून सांगितला, पण तिथले साहेब जांभया देत राहिले. मग मासळीचे वाटे घालताना पुकारतो, तशी सगळी घरं ओळीनं म्हटली.

मागून सेलेपामामा म्हणाले, "अरे, तुझंच घर राहिलं! स्वतःच्या आईलाच उपाशी ठेवलंस की."

साहेब हसले. "खोटी यादी रचणारा आईला विसरत नाही," म्हणाले आणि घरं लिहून घेऊ लागले.

अळूच्या खड्ड्यांत पुन्हा खारं पाणी शिरलं का? खरं कळव.

तुझं घर शेवटी आलं, पण कागदावर आलं.

तुझा विसराळू,
फाले