शंभराला दोन

दि. ४ मार्च

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

तुझे जानेवारीतले पत्र वेळेवर मिळाले. उत्तरास उशीर झाला. त्याचे कारण सांगण्यासारखे नाही, म्हणून सांगत नाही.

एप्रिलच्या तीस तारखेला मी हे घर सोडतो आहे. तुझी वहिनी गेल्याला चौदा महिने झाले. चारपैकी तीन खोल्यांत मी केवळ दिवे लागतात की नाही हे पाहायला जातो, आणि ज्या खोलीत जाण्याचे प्रयोजन दिवा तपासणे एवढेच उरते तिला आपली म्हणण्यात अर्थ नाही. ज्येष्ठांच्या निवासात एक खोली घेतली आहे. तेथल्या कार्यालयाचा नियम असा की, जे सामान आणायचे त्याचा मापांसह आराखडा आधी द्यावा. आराखड्यात बसेल तेवढेच खोलीत येईल. खाट आणि कपाट त्यांचे. मला एका खुर्चीखेरीज फक्त टेबल न्यायचे आहे. तेच, तू एकतीस वर्षांपूर्वी आठवडाभर आमच्याकडे राहून केलेलेस. त्याच्या एका बाजूला बसून मी तर्कशास्त्राचे पेपर तपासले आणि दुसऱ्या बाजूला बसून तिने मी तपासलेले तपासले. दार आणि कपाट यांच्यामध्ये भिंतीला एक कोनाडा आहे. टेबल लांबीने त्यातच बसू शकेल, दुसरीकडे नाही.

आराखडा दुसऱ्याकडून करून घेणे मला पटले नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संगणकावर थ्रीडी मॉडेल करायला शिकवणारा प्राथमिक वर्ग भरतो, त्यात नाव घातले. शिकवणाऱ्या बाई माझ्या शेवटच्या विद्यार्थ्यांहूनही लहान आहेत आणि मला आजोबा न म्हणण्याची काळजी घेतात. आधी सपाट रेघांचे स्केच काढायचे, मग त्याला उंची देऊन वर ओढायचे, की चौकोनाची पेटी होते. रेघ जोपर्यंत मापाने बांधलेली नाही तोपर्यंत ती निळी असते आणि बोट लागताच कुठेही सरकते. पुरेशी बांधली की काळी होते आणि जागची हलत नाही. एवढा प्रामाणिक विद्यार्थी मला नोकरीत लाभला नाही.

काल पहिले टेबल केले. ते हवेत तरंगत होते, कारण मी जमीन दिलेली नव्हती. बाई म्हणाल्या की, असे सगळ्यांचेच होते.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. उरलेले पाच दिवस बोलण्याचा प्रसंग फारसा येत नाही. तक्रार नाही, माहिती आहे.

प्रकृतीस जप.
दादा

*

दि. ११ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा बातमीसाठी, एकदा तुमच्या अक्षरासाठी आणि एकदा यात मी कुठे चुकलोय ते शोधायला. तिसऱ्या वेळी काहीच सापडलं नाही, तेव्हा जरा काळजी वाटली.

तुम्ही संगणकावर टेबल करताय हे वाचून हसू आवरेना. जन्मात एक खिळा सरळ ठोकला नाहीत. वहिनी म्हणायची की, यांच्या हाती हातोडी दिली तर आधी खिळ्याची व्याख्या विचारतील. आता तुम्ही सुतार झालात आणि मी निवृत्त झालो. लाकडाचा भुसा अंगावर पडत नसेल ना त्या यंत्रात? मग ते काम कसलं.

मी बरा आहे. फाउंड्री सुटल्याला सहा वर्षं झाली तरी सकाळच्या भोंग्याच्या वेळेला जाग येते. भोंगा आता वाजत नाही, मीच वाजतो. अंगणातल्या शेडमध्ये जाऊन बसतो, रंधा मारतो, काही करायचं नसलं तरी मारतो. तुम्ही लहानपणी ठेवलेलं नाव फुकट जायला नको.

सामान हलवायला हात लागला तर कळवा. मागच्या वर्षी वहिनीला पोचवून निघताना तुम्ही दारात म्हणाला होतात, काम असेल तर ये. तसं काही असलं तर कळवा.

माझ्यावरची माया आहे तेवढी राहू द्यावी.
आपला,
रंध्या

*

दि. २४ मार्च

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

काम निघाले आहे.

गेल्या आठवड्यात निवासातील खोली मोजून आलो. मोजायला टेबलाच्या खणातली तुझी लाकडी पट्टी नेली. भिंतीचे तीन भाग पडतात. दाराकडचा ८८२ मिलिमीटर, मधला कोनाडा ११९० आणि कपाटाचा १४५७. प्रत्येक माप तीनदा घेतले आणि तिन्ही वेळा तेच आले. कार्यालयाच्या कागदावर संपूर्ण भिंत ३६०० लिहिली आहे. ही चारही मापे मी स्केचमध्ये घातली आणि सगळ्या रेघा लाल झाल्या.

लाल म्हणजे विसंगती. तीन भागांची बेरीज ३५२९ होते, म्हणजे भिंत स्वतःपेक्षा एकाहत्तर मिलिमीटरांनी लांब आहे. बाईंनी सुचवले की, एखादे माप काढून टाका, रेघा लगेच काळ्या होतील. मी त्यांना सांगितले की, गैरसोयीचे आहे म्हणून विधान वगळता येत नाही. ते असत्य आहे हे दाखवावे लागते. त्यांनी एवढेच म्हटले की, वर्ग सहाला संपतो.

विचार करून मी कार्यालयाचे माप वगळले. ते ऐकीव होते, माझे प्रत्यक्ष होते.

टेबल मात्र मी मोजलेले नाही. त्याच्या फळीखाली तुझ्या हातची पेन्सिल आहे: १२००, केसभर इकडेतिकडे नाही. एवढे एकच माप मी शब्दप्रमाण म्हणून स्वीकारले. तेव्हा कोनाडा ११९०, टेबल १२००. दहा मिलिमीटरांनी ते बसत नाही.

दुसरा माणूस त्याला करवत लावणार असेल तर मी ते इथेच सोडून जाईन. तू केलेस, तू कापावेस. दोन्ही कडांनी पाच-पाच. ये.

आणखी एक. मॉडेलमध्ये टेबलापाशी खुर्ची केली. 'मिरर' अशी एक सोय आहे. मधली रेघ दाखवली की अलीकडे असेल ते पलीकडे उमटते. दुसरी खुर्ची समोर आपोआप आली. सरावासाठी केली होती. ती पुसायला विसरलो.

दादा

*

दि. ३० मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

वीस एप्रिलचं तिकीट काढलं. सकाळी नऊला पोचतो, स्टेशनवर यायची गरज नाही, वाट पाठ आहे. बारीक दात्यांची करवत परवा घासून धार लावली. कड परत गोल करावी लागेल, पॉलिश लावावं लागेल, ते वाळायला दोन दिवस जातात. घाईत केलं तर डाग राहतात. म्हणजे चार-पाच दिवस तुमच्याकडे मुक्काम पडेल. चालेल ना ते कळवा. नाही चालणार असं कळवलंत तरी पॉलिश वाळायला तेवढाच वेळ लागतो.

शेजारणीला सांगितलं की, दादांनी कामाला बोलावलंय. तिला त्यात विशेष काय ते कळलं नाही.

मला फक्त जमिनीवर एक सतरंजी लागते. चहा मी करीन. तुमचा चहा वहिनीलाही पिववत नसे, ती तो कुंडीत ओतायची. आता सांगायला हरकत नाही.

भेटीची वाट बघतोय.
आपला,
रंध्या

*

दि. ६ एप्रिल

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

कुंडीतले झाड का मेले याचा मला त्या वेळी उलगडा झाला नव्हता. आता झाला.

दुसरा उलगडाही झाला आहे. ते एकाहत्तर मिलिमीटर मला स्वस्थ बसू देईनात. भूल करणारा माणूस कधी जास्त चुकतो, कधी कमी. म्हणून काल तुझ्या पट्टीने एक कोरा कागद मोजला. त्याची लांबी २९७ असते, हे पाकिटावर छापलेले आहे. पट्टी म्हणाली २९१. भिंतीत ३६०० ला ३५२९, कागदात २९७ ला २९१. दोन्हीकडे शंभराला दोन. इतकी शिस्तीची चूक ही चूक नसते. कोणीतरी विचारपूर्वक केलेली योजना असते.

तेव्हा कोनाडा ११९० नसून १२१४ आहे. मापे सुधारली, कार्यालयाचे माप परत घातले, त्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली. सगळ्या रेघा काळ्या झाल्या. टेबल बसते आणि दोन्ही बाजूंना सात-सात मिलिमीटर मोकळे राहतात.

आता तुझ्याकडे वळतो. तू अडतीस वर्षे फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न केलेस. तुझी लाकडी पट्टी मी वापरली हे तुला स्पष्ट लिहिले होते, आकडे दिले होते, बेरीज जमत नाही हेही सांगितले होते. तरी तू पट्टीविषयी अवाक्षर काढले नाहीस आणि करवतीला धार लावलीस. यातून दोनच निष्कर्ष संभवतात. तुला कळले नाही, जे अशक्य आहे. किंवा कळले आणि तू बोलला नाहीस. एका चांगल्या टेबलाचे दोन तुकडे वाया जाऊ देण्याइतके काय घडले होते, ते कळव.

दादा

*

दि. १० एप्रिल

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कळलं होतं. 'लाकडी पट्टी' एवढे दोन शब्द वाचले तेव्हाच कळलं. आकड्यांपर्यंत जायची गरजही पडली नाही.

ती मोजायची पट्टी नाही, पॅटर्नची पट्टी आहे. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, शंभराला दोन. म्हणून ज्यावरून साचा घेतात तो लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब कोण करणार, म्हणून पट्टीच लांब आखलेली असते, तिचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्यापेक्षा थोडा मोठा. वस्तू निवल्यावर केवढी उरेल ते ती सांगते, आज केवढी आहे ते नाही. टेबल मी स्टीलच्या पट्टीने केलं होतं. ही चुकून पिशवीतून आली आणि तुमच्याकडे राहिली. फोरमनने महिनाभर माझा उद्धार केला.

टेबलाला करवत लागू दिली नसती, एवढा विश्वास ठेवा. आलो असतो, कापायच्या आधी स्टीलची पट्टी लावली असती आणि अरेच्चा म्हटलं असतं. अरेच्चा म्हणायचा सरावही केला होता.

पण दादा, तुम्ही कधी कारणाशिवाय बोलावलं नाहीत आणि मी कधी कारणाशिवाय आलो नाही. आई गेली तेव्हा आलो, टेबल करायला आलो, वहिनी गेली तेव्हा आलो. तुमच्या पत्रात 'ये' असं सुटं लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. ते दहा मिलिमीटर मला हवे होते.

तुमच्याशी खोटं वागलो, त्याची शरम आहे. आता टेबल बसतंय, म्हणजे कामच उरलं नाही. सोमवारी स्टेशनवर जाऊन तिकीट रद्द करतो. नव्या खोलीत सुखी राहा.

जमलं तर राग धरू नये.
रंध्या

*

दि. १३ एप्रिल

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

तू असत्य बोललास असे म्हणता येणार नाही. सत्य दडवलेस असे म्हणता येईल. दोन्हींत भेद आहे आणि तो मी आयुष्यभर शिकवला, तेव्हा तो तुला देणे भाग आहे.

तुझी पट्टी आज रजिस्टर पार्सलने पाठवली. तुझ्या वहिनीने ती एकतीस वर्षे खणात ठेवली. मी अनेकदा म्हटले की, ज्याची आहे त्याला टपालाने पाठवून द्यावी. ती म्हणायची की, पाठवू नका, पट्टी इथे आहे तोवर भावजींना यायला कारण आहे. मला हे म्हणणे तेव्हा युक्तिवाद म्हणून फार कच्चे वाटले होते. तसे मी तिला सांगितलेही होते. त्यावर तिने खण जरा जोरात बंद केला.

आता टेबल कापायचे नाही. पट्टी न्यायची नाही, ती तुझ्याकडे येते आहे. सामान उचलायला निवासाची माणसे आहेत. चहा मी शिकतो आहे. तुझ्या येण्याच्या बाजूने मांडता येईल असे एकही कारण मी शिल्लक ठेवलेले नाही; सगळी एकेक करून तपासली आणि काढून टाकली.

वीस तारखेला ये. तिकीट रद्द केले असलेस तर नवे काढ.

बाकी भेटीअंती.
दादा

ता. क. आराखडा मंजूर होऊन आला. एका माणसाच्या खोलीत दुसरी खुर्ची कशासाठी, असा कार्यालयाचा शेरा होता. उत्तराची जागा मी कोरी ठेवली.