अस्वलघरातली हवा

३ मार्च
आलो एकदाचा! प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीत जिराफाचं तोंड येतं. सकाळी माझी दाढी होईस्तोवर गडी हलला नाही. बायको फोनवर म्हणाली, अस्वलांना घर बांधायला निघालास, आपल्या न्हाणीघराचा नळ तेवढा तसाच गळतोय. काम मात्र मनाजोगं आहे. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, छतावर गवत, विजेशिवाय थंड राहणारं घर. बांधून झालंय, आत हवा खेळवायचं काम माझं. झडपा बसेपर्यंत वरची भोकं बुजवून ठेवलीत. अस्वलांचं सगळं बघणाऱ्या बाईंना इथं आक्का म्हणतात. त्यांनी आल्या आल्या चहा दिला.

६ मार्च
आक्का म्हणजे कामाला वाघ. भिंतीला तळहात लावून सांगतात इथं ओल आहे, आणि ओल निघते. आज त्यांनी विचारलं, झडपा किती ठेवणार? आठ, म्हणालो. "या खेपेला ठेवताय म्हणायचं," एवढं बोलून बादली उचलून गेल्या.
या खेपेला? मागच्या कामाचं मी इथं कोणापाशी बोललेलो नाही.

९ मार्च
श्वासातून बाहेर पडणारा वायू किती साचतो ते मोजायचं यंत्र रिकाम्या घरात ठेवलं होतं. दार बंद, आत चिटपाखरू नाही. तरी दुपारी बरोबर बाराला आकडा चढायला लागला आणि दोनपर्यंत चढतच राहिला. यंत्र बिघडलं असणार.

१० मार्च
दुसरं यंत्र लावलं. तेच. चढण्याच्या वेगावरून हिशेब मांडला. दोन मोठी जनावरं आणि एक माणूस.
तीनदा मांडला.

११ मार्च
चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात मी एक अस्वलघर बांधलं होतं. ऐन उन्हाळ्यात, भरदुपारी दोन माद्या आत गुदमरल्या. त्यांना बाहेर काढायला शिरलेला रखवालदारही. चौकशीत मी लिहून दिलं की झडपा त्यानेच बंद ठेवल्या. मेलेला माणूस काय उलटून बोलणार!
आज धीर करून आक्कांना विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का. होता, म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, खाई त्याला खवखवे.

१२ मार्च
भिंतीवर आतून ओरखडे. पंजांचे, पार छतापर्यंत. त्यांच्या खाली, दाराशी — बोटांचे. गवंडी म्हणतो काल नव्हते.
राजीनामा लिहिला. उद्या सकाळी यंत्रं तेवढी काढून आणतो आणि —

१३ मार्च
आत आहे. बाहेरून कडी. आक्का फटीतून बोलतात, आवाज न चढवता. भावाचं खरं लिहून द्या, उघडते.
अर्धा तास भांडलो. मग लिहिलं. त्याने झडपा बंद केल्या नव्हत्या. त्या नव्हत्याच. नकाशातून मीच खोडल्या, छत देखणं दिसावं, बक्षीस मिळावं म्हणून. चौकशीला जुना नकाशा दाखवला, छतावर चढून कोणी बघितलंच नाही. तो निर्दोष होता.
पान फाडून फटीतून सरकवलं. वाचतायत. रडतायत.

कडी निघाली. ऐकली मी.
दार हलत नाही. आक्का म्हणतात, साहेब, कडी काढली हो, ढकला, मी ओढते. त्यांचा आवाज कापतोय — दार त्यांनी धरलेलं नाही.
माणसं आणायला धावल्या.

आकडा चढतोय. एकट्याचा नाही.
बारा वाजले.
मानेवर ऊन श्वास — ओल्या केसांचा वास — मागे बघत नाही, लिहितोय —
दादा, मी कबूल केलंय, आक्कांकडे पान आहे, सगळं लिहि