तीन पोते ओल्या तुरीची सरासरी

जुने शहर, अकोला
मार्च २०१७

खुशालभाऊ, दोस्ता,

रहमतुल्लाचा सलाम अन् रामराम. वरच्याच्या मेहेरबानीनं इकडे आमी सारे धडधाकट आहोत, फक्त माझ्या चष्म्याचा नंबर वाढला (चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर दुसरं काय वाढणार?). तुझा गुडघा कसा आहे? हर्षावहिनींचा खोकला थांबला का? त्यांले ज्येष्ठमध चघळाले सांग, अन् तू दिवसभर चहा मागून त्यांले उठवत जाऊ नको.

तू बारा क्विंटल तूर इथल्या अडत्याच्या, त्या शेषरावच्या, हवाली करून चांदूर बाजारले निघून गेला. 'दिवसाच्या सरासरी भावानं पैसे रहमतुल्लाजवळ द्या' एवढंच सांगून गेला. त्या सरासरीनं माझी काय गत केली ते ऐक.

पण आधी फोनचं सांगतो, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझ्या लेकीनं, कहकशाँनं, माझ्या फोनात शेअर बाजार टाकून दिला. दुकानात गिऱ्हाईक नसलं (म्हणजे रोजच) की मी भाव पाहत बसतो. भावाची रेघ माकडावाणी उड्या मारते, अन् तिच्याजवळून दुसरी एक रेघ सावकाश चालते. तिले व्हीवॅप म्हणतात. मी लेकीले विचारलं, हे काय प्रकरण आहे? ती म्हणे, "अब्बा, सकाळपासून कोणत्या भावात किती माल गेला, ते वजन धरून काढलेली सरासरी. एक शेअर शंभरानं गेला अन् हजार शेअर पन्नासानं गेले, तर सरासरी पंचाहत्तर होते का? पन्नासच्याच जवळ राहते. आपण महाग घेतलं का स्वस्त, हे मोठे खरेदीदार त्या रेघेवरूनच पाहतात." खुशालभाऊ, मी हातातला चिमटा खाली ठेवला. साठ वर्षांत मले कोणी असं सांगतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेषरावकडे गेलो. तो म्हणे, "चाचा, आजचा वरचा भाव चव्वेचाळीसशे, खालचा तीन हजार. बेरीज करा, निम्मे करा. सदतीसशे." नोटा समोर ठेवल्या. मी हात लावला अन् मागं घेतला. विचारलं, तीन हजारानं पोते किती गेले? त्यानं असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या सासूची उमर विचारली.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बाजारात फिरलो. लोकांले वाटलं सरकारी साहेब आला. एकानं खुर्ची दिली, दुसऱ्यानं चहा दिला, तिसऱ्यानं शटरच ओढलं. (चहा मी पिलो. साहेब नाही असं सांगायची वेळच आली नाही.) आकडा मात्र कोणी सांगेना. शेवटी बुधाजी हमाल भेटला. तो म्हणे, "तीन पोते ओली तूर होती चाचा, तेच तीन हजारानं गेले. सात पोते एकदम चोख, ते चव्वेचाळीसशेनं. बाकीचे शंभर पोते एक्केचाळीसशेनं. माह्या पाठीले विचारा." सारे पोते क्विंटल-क्विंटलाचे. मी तिथंच उकिडवा बसून हिशेब केला: चार हजार एकोणनव्वद!

शेषराव म्हणे, हे कुठलं गणित? मी म्हटलं, शेअर बाजाराचं. तेवढ्यात बुधाजी मागून ओरडला, "मालक, तीन पोत्याचा भाव शंभर पोत्याच्या बोकांडी काहून बसवता?" त्याच सदतीसशेच्या सरासरीनं पैसे घेऊन निघालेले दोन-चार शेतकरी थबकले, मागं फिरले. ते पोचायच्या आत शेषरावनं आणखी चार हजार सहाशे अडुसष्ट रुपये माझ्या खिशात कोंबले. तरी ते लोक आलेच, अन् मग तिथं जे झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाऊन नाही राहिली. हीच तूर मागं दहा हजाराच्या घरात होती, अन् यंदा पीक चांगलं आलं तर भाव चार हजार. हे त्या रेघेत कुठं दिसते? कहकशाँ म्हणे, अब्बा, ती रेघ फक्त त्या दिवसाचं सांगते, रोज सकाळी नव्यानं सुरू होते. मले वाटलं, नशीबवान आहे. तुले काय वाटते ते लिहून कळव.

तुझा,
रहमतुल्ला

ता. क. जावई इमादच्या हाती सदतीसशेच्या हिशेबानं चव्वेचाळीस हजार चारशे पाठवून राहिलो. मोजून घे.

ता. क. दुसरा. वरचे पैसे कुठं, असं तू विचारशीलच. एका कंपनीचे शेअर त्या रेघेच्या खाली मिळत होते, म्हणून त्या पैशाचे तुझ्यासाठी घेतले. स्वस्तच मिळाले. नंतर भाव आणखी खाली गेला, अन् रेघही त्याच्या मागं गेली.

ता. क. तिसरा. दिवाळीपर्यंत ते पैसे मागू नको. अन् कहकशाँचा फोन आला तर पूर्ण मिळाले म्हण. मी तिले तसंच सांगतलं आहे.