साडेसहा फुटांची काठी, धाकट्या भावासाठी

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, पूर्वीचा धंदा मासेमारीच्या काठ्या व रिळं बनवणं, विकणं आणि दुरुस्त करणं, आज हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आयुष्यभर दबाव मीच आणत आले, हे घरातलं कोणीही सांगेल. मी शुद्धीवर आहे की नाही हे बघायला डॉक्टरांनी सकाळी मला शंभरातून सात सात वजा करायला लावलं. एकोणऐंशीपर्यंत आल्यावर तेच अडखळले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावं. मागचं दार फुगलेलं आहे, ते उचलून ढकलावं लागतं. लाथ मारून उघडत नाही, हे त्याला चाळीस वर्षं सांगते आहे. त्याला पाण्याची भीती वाटते आणि माशाचा वासही सहन होत नाही. माझ्या पोटी असा मुलगा कसा जन्मला याचा शोध मी केव्हाच सोडून दिला. माणूस मात्र सोन्यासारखा आहे, आणि हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलेलं नाही म्हणून इथे लिहिते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि सून यांनी निम्मं निम्मं घ्यावं. यावर मला अधिक काही म्हणायचं नाही.

कलम ३. माझी सगळी हत्यारं, म्हणजे बारीक पकडी, चिमटे, कानशी आणि काठीला कड्या बांधायचं लाकडी यंत्र, सुनेला द्यावीत. ती दातांची डॉक्टर आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने एका अडलेल्या रिळाचं दातेरी चाक असं अलगद बाहेर काढलं की मी मुलाला म्हटलं, "हिला जपून ठेव, तू गेलास तरी चालेल." चिमटे मात्र पेशंटच्या तोंडात घालू नयेत.

कलम ४. दुकान बंद केल्यावर उरलेली रिळं, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणि डबे तळ्यावरच्या क्लबला द्यावेत. क्लबच्या सेक्रेटरीला वैयक्तिक काहीही देऊ नये. त्याने माझं सर्वांत चांगलं रीळ "दोन दिवसांसाठी" नेलं, त्याला आता सहा वर्षं झाली. त्याचा वाटा त्याला आधीच मिळालेला आहे.

कलम ५. आता खरं काम. हे एक कलम लिहिण्यासाठीच मी बाकीची चार लिहिली.

माझ्या कपाटामागे निळ्या कापडात गुंडाळलेली एक काठी आहे. ती माझ्या धाकट्या भावाला द्यावी. ती झटक्याच्या माशासाठी बनवली आहे. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाईंना हे कळलं नाही, म्हणून खुलासा करते. झटक्याचा मासा म्हणजे बोटाएवढा, कडक अंगाचा नकली मासा. त्याच्या पोटाखाली तीन तीन आकड्यांचे गळ असतात. तो नुसता ओढत आणला तर काडीच्या किमतीचा. काठीचा शेंडा पाण्याकडे झुकवून, तंगूस जरा सैल ठेवून दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. नकली मासा डावी-उजवीकडे तडफडतो आणि मग जखमी झाल्यासारखा पाण्यात अधांतरी राहतो. मोठा मासा झडप घालतो ती तेव्हाच.

अशा कामाला काठी साडेसहा फुटांची पुरते. त्याहून लांब घेतली तर खाली झटका देताना शेंडा पाण्यावर आपटतो. मूठ आखूड हवी, नाहीतर ती दर झटक्याला कोपराखाली टोचते. रीळ हलकं हवं, कारण दिवसाला हजारभर झटके मनगटालाच द्यावे लागतात. आणि सैल तंगूस चटकन गुंडाळण्याइतकं वेगवान हवं. शेंडा मात्र नरम हवा. हे शेवटचं वाक्य मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे, आणि नेमकं भावाच्या वेळी विसरले.

विसरले असंही नाही. माझ्या दुकानाची एकच शेखी होती: इथली काठी मोडून परत येत नाही. ती परत आली फक्त एकदा, आणि आणली कोणी, तर माझ्या सख्ख्या भावाने. भर गिऱ्हाइकांत, दोन तुकडे हातात धरून. "ताई, ही काडीपेटीतली होती का?" असं विचारत. दुकानभर हशा पिकला. त्याचा हात पहिल्यापासून जड आहे. लहानपणी त्याने दाराच्या किती कड्या उपटल्या ते मला ठाऊक आहे. मी त्या दिवशी ठरवलं की याला अशी काठी करून द्यायची, जी हत्तीलाही मोडणार नाही. तशीच केली. दांडी जाड, शेंडा ताठ, आणि वर तंगुसाऐवजी वेणीचा दोरा, जो इंचभरही ताणला जात नाही.

त्याच वर्षी क्लबच्या स्पर्धेत त्याला मासा लागला. तळ्यावर मी इतकी वर्षं काढली, पण तेवढा मासा पाहिला नव्हता. धक्क्यापासून दोन हातांवर आला, त्याने डोकं हलवलं आणि गळ तोंड फाडून सुटला. ताठ काठी, न ताणला जाणारा दोरा; झटका गिळायला मध्ये कोणी नव्हतंच. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, काठी चुकली." आणि मी शंभर माणसांसमोर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

त्याने काठी धक्क्यावर ठेवली आणि चालत घरी गेला. त्यानंतर तो पाण्याकडे फिरकला नाही आणि माझ्याकडेही नाही. अकरा वर्षं झाली. दोघांची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर, पण आमच्याकडे सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

दोन वर्षांनी मी ती काठी घेऊन एकटी तळ्यावर गेले, त्याचाच हात वाईट हे सिद्ध करायला. चार मासे लागले, त्यातले तीन सुटले. धक्क्यावर बसून मी बराच वेळ रडले. घरी येऊन नवी काठी बांधायला घेतली. तीन महिन्यांत झाली. गेली नऊ वर्षं ती कपाटामागे उभी आहे, कारण ती द्यायची तर तोंडाने "मी चुकले" म्हणावं लागलं असतं. पडले तरी नाक वर, अशी माझी जात. म्हणून ते इथे लिहिते: काठी चुकली होती. हात ठीक होता. माझ्या माघारी हे कलम भावासमोर मोठ्याने वाचावं.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टर. दुसरे शेजारचे शिंपी येणार होते, पण त्यांची पाठ धरली. सूनबाई म्हणाली, "मी आणते कोणालातरी," आणि अर्ध्या तासात माझ्या भावाला घेऊन आली. त्याची दाढ तीच बघते, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. केस पार पिकलेत. बसला, चष्मा लावला. साक्षीदाराने फक्त सही बघायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, असं वकीलबाईंनी सांगून पाहिलं. "न वाचता मी विजेच्या बिलावरही सही करत नाही," तो म्हणाला, आणि त्याने सगळं वाचलं. पाचवं कलम वाचायला त्याला फार वेळ लागला. मी मीठदाणी सरळ करत बसले.

मग तो म्हणाला, "ताई, हे मी तू मेल्यावर ऐकायचं होतं?"

"तशी सोय केली होती," मी म्हटलं.

"आणि मी आधी गेलो असतो तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच वर्षांनी धाकटा म्हणजे कायम मागेच राहणार, असं मी धरून चालले होते. मी मीठदाणी बाजूला ठेवली. मग बोलले. काय ते वर लिहिलंच आहे; फक्त या वेळी तोंडाने.

वकीलबाईंनी घसा खाकरून अडचण सांगितली. "काकू, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळणार असेल तर पुढे भानगड होऊ शकते. हे सही करणार असतील तर काठी त्यांना ठेवता येणार नाही. दुसरा साक्षीदार बघू या का?"

"नको," भाऊ म्हणाला. "सही मीच करतो. काठी आत्ता दे."

सबब कलम ५ मधली देणगी रद्द समजावी. त्यातला कबुलीजबाब मात्र खोडू नये. काठी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, दोन डॉक्टर आणि एक वकील यांच्या देखत, माझ्या हाताने दिली आहे. तिच्यावर आता माझा किंवा माझ्या वारसांचा हक्क नाही.

ठिकाण: माझं घर, जेवणाचं टेबल.
दिनांक: नऊ ऑक्टोबर, शुक्रवार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) फॅमिली डॉक्टर. लिहून देणारी शुद्धीवर असून बोलती आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून देणारीचा धाकटा भाऊ. दोनदा वाचून सही केली. शेंडा नरम वाटतो, पण हिच्या शब्दावर जाणार नाही. रविवारी सकाळी सहा वाजता धक्क्यावर दोघं मिळून बघू. तोवर हिला मरायची परवानगी नाही.