सहा ते सातचा वक्ता

मंगळवार, १५ जानेवारी १९५७
सभा. हॉल गच्च, मागे लोक उभे. एवढी गर्दी आमच्या ऑस्विक गावात फक्त फुटबॉलला होते. सातच्या ठोक्याला सगळे एकदम उठून गेले. भाषण संपलं नव्हतं, पण लोक भारावले की त्यांना बसवत नाही.
पक्षाचा एजंट क्लेग म्हणतो, सहा ते सात टेलिव्हिजनचे कार्यक्रम सरकारच बंद ठेवतं, आयांनी पोरं झोपवावीत म्हणून. सभेला त्याने मुद्दाम तीच वेळ धरली म्हणे. असेल बापडा. हॉल घड्याळाने भरतो की जिभेने? मे महिन्यात नगरसेवकाची खुर्ची पुन्हा माझीच.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
शनिवारपासून तो बंदीचा तास रद्द. क्लेगचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणाला, विल्फ, सभा रविवारी दुपारी घेऊ. मी म्हटलं, ज्याने मला ऐकलंय तो खोक्यापुढे बसेल काय?
संकल्प: मी जिवंत असेपर्यंत या घरात टेलिव्हिजन येणार नाही. बायकोला, एडनाला, सांगितलं. ती म्हणाली, बरं, थांबते.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
हजर: क्लेग, हॉलचा रखवालदार आणि मिसेस बटरवर्थ. या बाई पहिल्या रांगेत विणत बसतात, एकही सभा चुकवत नाहीत. क्लेग म्हणतो, त्यांच्याकडे टेलिव्हिजन नाही. कोत्या मनाचा माणूस.
गर्दी नव्हती याचं कारण पेट्रोलचं रेशनिंग. एडना म्हणाली, अरे, सगळे तीन गल्ल्यांतले, गाडी एकाकडे तरी आहे का? बायकांना अर्थकारण कळत नाही.

मंगळवार, ५ मार्च
धुकं. फ्लूची साथ. मिसेस बटरवर्थ आल्या होत्या.
एडना हल्ली संध्याकाळी शेजारी हिंडलकडे विणकाम शिकायला जाते. आज विणायच्या सुया घरीच विसरली. परत आली ती साबणाच्या जाहिरातीचं गाणं गुणगुणत. विचारलं नाही. विचारायला मोठं मन लागत नाही, न विचारायला लागतं.

बुधवार, १० एप्रिल, रात्री
दारोदार प्रचार. प्रत्येक खिडकीत निळसर उजेड, पडदे हलतात, दार कुणी उघडत नाही. गिरणीत राबून बिचारे लवकर झोपतात. निवडून आल्यावर यांच्यासाठी काहीतरी करायलाच हवं.
फक्त हिंडलने दार उघडलं. म्हणाला, जाहिराती लागल्या की या. पायरीवर थांबलो. जाहिराती लागल्यावर घाईघाईने घरपट्टीवर बोललो. तो म्हणाला, छान बोललात, पण साबणवाला जास्त पटला. आत सोफ्यावर एडनासारखी कुणीतरी बाई बसली होती.

सोमवार, ६ मे
विरोधातल्या मिस टॅटरसॉलने एकही सभा घेतलेली नाही. भित्री! दुपारी मागच्या अंगणात बायकांबरोबर कपडे वाळत घालते आणि शुक्रवारी मासे-चिप्सच्या रांगेत उभी राहते म्हणे. याला काय राजकारण म्हणतात?
विजयाचं भाषण तयार. आरशापुढे म्हटलं. डोळे भरून आले.

गुरुवार, ९ मे
पडलो. थोडक्यात नव्हे, दणकून. भाषण खिशातच राहिलं.
मतमोजणीनंतर मिस टॅटरसॉल हात मिळवायला आली. म्हणाली, तुमची जानेवारीतली सभा मी ऐकली होती हो, फार छान बोलता. लोकांनी मला तीन वर्षांपूर्वी निवडून दिलं होतं, मला वाटायचं त्यांना मी आवडतो.

मंगळवार, १४ मे
एडनाने टेलिव्हिजन भाड्याने आणला. मी म्हटलं, मी त्याच्याकडे पाठ करून बसेन. बसलो. मान अवघडली, म्हणून खुर्ची वळवली. मान सरळ राहावी एवढ्यासाठीच.
सव्वासहाला दार वाजलं. टेलिव्हिजनवर एक माणूस नळाच्या पाइपाचा ट्रम्पेट करून वाजवत होता. एडना उठायला लागली. मी म्हटलं, बस खाली, दिवा मालव. पुन्हा वाजलं. तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि हळूच म्हणाली, अरे, मिसेस बटरवर्थ आहेत. आज मंगळवार ना, हॉलला कुलूप दिसलं म्हणून इथे आल्या असतील. हातात केक आहे. तुझ्यासाठी मफलर विणलेला दिसतोय.
मी म्हटलं, पडदा हलवू नकोस. जाहिराती लागल्या की उघडू.
जाहिराती लागल्या तेव्हा पायरीवर फक्त केक आणि मफलर होता.