हिंडणं, भटकणं, सुटणं

८ फेब्रुवारी १९८१
शेजारची नलू मॅट्रिकले बसून राह्यली. माझ्या ओट्यावर इंग्रजी घोकते — रोम, वाँडर, स्ट्रोल, स्ट्रे. डोकं उठलं! म्हटलं, काय कावकाव लावली? म्हणे, "काकू, चारहीचा अर्थ भटकणं." मग चार शब्द कायले? साहेबाले कामधंदा नव्हता काय!

९ फेब्रुवारी
नलूनं समजावलं. जेवून शतपावली घालणं ते स्ट्रोल. कुठं जायचं ठरलं नाई, पाय नेतीन तिकडं — वाँडर. मुलूखभर मोकळं हिंडणं — रोम. अन् दावं तोडून सुटलेलं ढोर, ते स्ट्रे.
म्हटलं, अन् आमचे हे? जेवले, पान खाल्लं, "येतो जरा फिरून" म्हणून गेले ते गेलेच. बारा वर्षं होत आली.
नलूनं पुस्तक मिटलं. मग म्हणे, "निघाले तवा स्ट्रोल. पुढचं माहीत नाई."
पोट्टी हुशार आहे.

१५ फेब्रुवारी
भासरे रूपराव, यांचे मोठे भाऊ, आले. म्हणे, "बारा वर्षं झाली. गवताचा पुतळा करून जाळू, दिवस करू. किती वाट पाहशीन?" म्हटलं, सुटलेलं ढोर कोणाचं तरी असते. कोंडवाड्यात बी मालकाची वाट पाहतात, जाळत नाई! चहा तसाच टाकून गेले.
मग दिवसभर कोणाशी बोलणं नाई.

१६ फेब्रुवारी
हिंगणीहून भावाचा निरोप — पोरीचं लग्न आहे, येजो. कशी जाऊ? हे आले अन् दाराले कुलूप दिसलं तर? आईच्या मातीले बी गेली नाई मी.

२४ फेब्रुवारी
भासऱ्याले हो म्हणून टाकलं, जाळा पुतळा. एकटी किती भांडू? भांडाले तरी घरात दुसरं माणूस लागते.

२ मार्च
अंगणात पुतळा बांधला. उंचीनं माझ्याएवढा. मी ओरडली — लहान झाला! हे उंच होते, दारातून वाकून यायचे!
भासरे म्हणे, "कुठं वाकत होता? तुयाएवढाच होता. दांडीवरचं धोतर काढाले पाट घ्यायचा."
दाराकडं पाहिलं. त्यातून वाकून यावं लागीन, असं माणूस आमच्या घरात कधी नव्हतंच.
मग मी कोणाची वाट पाहून राह्यली होती?
पुतळा नदीवर नेला. कुंकू पुसलं. रडू आलं नाई.

२२ मार्च
घरात कुलूपच नव्हतं. बाजारातून आणलं. चावी नलूपाशी देली.
"काकू, हिंगणीले?"
म्हटलं, लग्नापुरती. पुढं पाय नेतीन तिकडं.